विमानांवरचे मासिक निवडताना

नकाशावर मुंबई आणि हैदराबाद यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली, तर ती उमरग्याजवळूनच जाते. उमरग्यात विमानतळ नाही, पण पश्चिमेला सोलापूर आहे, दक्षिणेला २०१९ मध्ये सुरू झालेला कलबुर्गीचा विमानतळ आहे आणि पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीत, हवाई दलाचा बिदरचा तळ आहे. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना तयार करणारी हॉक विमाने २००८ पासून बिदरला आहेत, हवाई कसरती करणारे सूर्यकिरण पथकही तिथलेच. तेव्हा इथल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला विमानांचे वेड लागले, तर त्यात नवल नाही. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून झाल्या की नेमाने वाचावे असे मासिक कोणते, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो.

नावांची यादी देऊन तो सुटत नाही. एखादे मासिक कोणासाठी निघते आणि त्याचा खर्च कोण भागवते, हे आधी समजून घ्यावे लागते.

काही मासिके धंद्यातल्या माणसांसाठी असतात. ब्रिटनचे 'फ्लाइट इंटरनॅशनल' २ जानेवारी १९०९ रोजी 'फ्लाइट' या नावाने निघाले. ब्लेरिओने विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली, ती त्याच वर्षीच्या जुलैत. अमेरिकेच्या 'एव्हिएशन वीक'ची सुरुवात १९१६ ची. त्यांतली पानभर जाहिरात जेट इंजिनाची असते, आणि ती विमानकंपनीत खरेदीचा निर्णय घेणाऱ्या मोजक्या लोकांसाठी असते. त्यामुळे मजकूर दाट आणि कोरडा, परिभाषा गृहीत धरलेली. बंगळूरजवळ येलहंक्याला भरणाऱ्या 'एरो इंडिया'सारख्या विमान-प्रदर्शनांच्या सुमारास असल्या मासिकांचे अंक जाडजूड होतात. त्यात बातमी कुठे संपली आणि कंपनीचे प्रसिद्धिपत्रक कुठे सुरू झाले, हे नव्या वाचकाच्या लक्षात येत नाही.

दुसरी जात हौशी वाचकांच्या मासिकांची. 'एअर इंटरनॅशनल' १९७१ मध्ये 'एअर एन्थुझियास्ट' म्हणून सुरू झाले आणि १९७४ पासून आजच्या नावाने निघते. जुन्या विमानांना वाहिलेले 'फ्लायपास्ट' १९८१ चे. यांचा भार बऱ्याच अंशी वाचकाने मोजलेल्या पैशांवर असतो. म्हणून छायाचित्रे उत्तम आणि एकेका स्क्वॉड्रनचा इतिहास सावकाश सांगितलेला. दोष एवढाच, की त्यांचे जग ब्रिटनभोवती फिरते. स्पिटफायरवर लिहिताना त्यांची लेखणी थांबत नाही, भारतीय बनावटीच्या मारुत या लढाऊ विमानावर मात्र क्वचितच चालते.

भारतात दिल्लीहून निघणारे, पुष्पिंदर सिंग चोप्रा यांनी उभे केलेले 'वायु' आहे आणि 'एसपीज एव्हिएशन' आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, हवाई दल, विमानतळांचे धोरण हे विषय त्यांत मिळतात. पण आपल्याकडे या क्षेत्राचा बाजार लहान आहे. मोठे जाहिरातदार आणि बातमीचे विषय बऱ्याचदा एकच असतात, आणि अशा ठिकाणी टीकेची धार बोथट होण्याचा धोका राहतो.

मग पारख कशी करावी? आपल्या गावाजवळचा, आपल्याला ठाऊक असलेला विषय घ्यावा आणि तो समजायला हे मासिक कितपत मदत करते ते पाहावे. आपल्या भागापुरता असा विषय म्हणजे सोलापूरची चिमणी.

श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी सोलापूरच्या विमानतळाजवळ उभी होती. वर्षानुवर्षे आंदोलने आणि कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली. या वादावर रकानेच्या रकाने छापून आले. बरेचसे कोण कोणाच्या बाजूचे याबद्दल होते. चिमणी धावपट्टीवर नव्हती, मग विमानाला तिची अडचण का, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

त्याचे उत्तर 'ऑब्स्टॅकल लिमिटेशन सरफेस', म्हणजे अडथळ्यांची मर्यादा ठरवणारे कल्पित पृष्ठभाग, या संकल्पनेत आहे. मोठ्या धावपट्टीभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर एक आडवे छत आहे असे मानतात. याशिवाय विमान उतरण्याच्या वाटेवर, धावपट्टीच्या टोकापलीकडे एक उतार कल्पिलेला असतो. मोठ्या विमानतळांवर तो पन्नास मीटरला एक मीटर चढतो. म्हणजे दोन किलोमीटरवर मर्यादा चाळीस मीटरच्या आसपास येते.

आकडे मनाला येतील तसे ठरवलेले नाहीत. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचे एक इंजिन उड्डाणाच्या वेळीच बंद पडले, तर चाके आत घेतल्यानंतर उरलेल्या इंजिनावर त्याला निदान २.४ टक्के चढ मिळालाच पाहिजे, असा नियम आहे. शंभर मीटर पुढे जाताना २.४ मीटर वर. या हिशेबाने दोन किलोमीटरमध्ये ते ४८ मीटर चढेल. त्याच्या वाटेत नव्वद मीटरची चिमणी असेल तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चिमणी पाडायची की सोलापूरजवळ बोरामणीला नवा विमानतळ उभारायचा, हा मात्र राजकीय आणि आर्थिक निर्णय होता. उसाचे गाळप ज्याच्या घरखर्चाशी जोडलेले आहे, त्या शेतकऱ्याचे म्हणणे या गणिताने खोटे ठरत नाही. चांगले मासिक गणित आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते.

अपघाताच्या बातमीतही हीच पारख चालते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्राथमिक अहवाल तीस दिवसांत अपेक्षित असतो, आणि १२ जुलैला तो आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने 'बंद' स्थितीत गेल्याचे त्यात नोंदवले होते. ते कशामुळे गेले, हे त्यात नव्हते. तरीही मधल्या महिन्यात आणि त्यानंतरही वाहिन्यांवर दोषी ठरवून झाले. त्या दिवसांतला अंक काढून पाहावा. संपादकाने नोंद आणि अंदाज वेगवेगळे लिहिले असतील, तर वर्गणी भरायला हरकत नाही.

केवळ नावावर विसंबण्यात अर्थ नाही. १ डिसेंबर १९५८ च्या अंकात 'एव्हिएशन वीक'ने सोव्हिएत संघ अणुशक्तीवर चालणाऱ्या बाँबफेकी विमानाच्या चाचण्या घेत असल्याची ठळक बातमी दिली होती. तसे विमान नव्हतेच.

आमचे मत असे, की उमरग्याच्या वाचकाने पहिले वर्षभर एखादे भारतीय मासिक घ्यावे आणि सोबत विमान अपघात अन्वेषण विभागाचे, म्हणजे एएआयबीचे, अहवाल वाचावेत. ते संकेतस्थळावर फुकट मिळतात. भाषा रुक्ष असली तरी एकेका अहवालातून हवामान, देखभाल, वैमानिकांचे संभाषण आणि धावपट्टीची स्थिती यांचा परस्परसंबंध जसा कळतो, तसा चकचकीत अंकातून कळत नाही. परिभाषा अंगवळणी पडली की परकी मासिके सोपी जातात, तोवर त्यांचे जुने अंक पुरेत.

मराठीत केवळ विमानांना वाहिलेले, दमदार मासिक आज हाताशी नाही. १९२८ पासूनचे 'सृष्टिज्ञान' आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका यांत अधूनमधून लेख येतात, आणि उड्डाणाची मूलतत्त्वे मराठी विश्वकोशातल्या नोंदींत नीट मांडलेली आहेत. इंग्रजीची धास्ती असलेल्याने तिथून सुरुवात करावी.

राहिला खर्चाचा प्रश्न. परदेशी मासिकाची डिजिटल आवृत्ती टपालखर्च वाचवते, पण ती वर्गणीदाराच्याच मोबाइलवर उघडते. छापील अंक वाचनालयाच्या टेबलावर पडला तर चारजण चाळतात. तालुक्याच्या वाचनालयात नियतकालिकांची यादी नव्याने ठरते, तेव्हा स्पर्धा परीक्षांच्या मासिकांच्या जोडीला असे एखादे नाव सुचवायला कार्यकारिणीतल्या कोणाची ओळख लागत नाही, ग्रंथपालाकडे एक अर्ज दिला तरी पुरे.