थांबलेल्याचा गुन्हा

सिग्नल तोडून पळणाऱ्याला पकडायचं तर मागे गाडी घालावी लागते, वेग लागतो, प्रसंगी जीव धोक्यात घालावा लागतो. सिग्नलला थांबलेल्याला पकडायला काहीच लागत नाही, कारण तो बिचारा उभाच असतो. आपल्या शहरांमधल्या वाहतूक दंडाचं निम्मं गणित मला वाटतं एवढंच आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या वेळेला एका चौकात लाल दिवा लागला आणि मी स्कूटर थांबवली. डोक्यावर हेल्मेट, गाडीचे सगळे कागद मोबाइलमध्ये. माझ्या डाव्या अंगानं एका मोटारसायकलवरून तिघं जण, तिघंही बोडके, लाल दिव्यातून सुसाट निघून गेले. त्यांच्यामागून पाण्याचा टँकर. त्याची नंबरप्लेट चिखलानं इतकी माखलेली की नंबर वाचायला आधी खरवडावा लागला असता. दोघांनाही कुणी हटकलं नाही. दिवा हिरवा झाला, मी चौक ओलांडला, तर पलीकडे झाडाच्या सावलीत तिघे गणवेशधारी उभे. त्यातल्या एकानं हात केला.

"मॅडम, साइडला घ्या."

"काय झालं साहेब?"

"झेब्रावर होती गाडी तुमची."

"झेब्रा कुठाय तिथं?"

"होता की! उन्हाळ्यात डांबर टाकलं ना, तेव्हा गेला. पण सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना माहितीये! ही गोष्ट संसदेला आधी सुचली असती तर 1988 साली एवढा जाडजूड मोटार वाहन कायदा लिहायची गरजच पडली नसती. त्या कायद्याचं 119 वं कलम चालकाला वाहतुकीची चिन्हं पाळायला सांगतं. डांबराखाली गाडलेली चिन्हं स्मरणशक्तीच्या जोरावर पाळा, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

मग नेहमीची उलटतपासणी सुरू झाली. लायसन्स. डिजिलॉकरमधलं दाखवलं. "ओरिजिनल नाही का?" 2018 पासून मोबाइलमधला कागद कायद्यानं चालतो, हे मी सांगितलं. त्यावर ते खोटंही म्हणाले नाहीत आणि खरंही म्हणाले नाहीत, पीयूसी मागितली. पीयूसी होती. इन्शुरन्स? तोही होता. झेब्र्यासाठी थांबवलेल्या माणसाच्या इन्शुरन्सचा झेब्र्याशी काय संबंध, हे विचारायचं नसतं. कागद तपासायचा त्यांना अधिकार आहेच, पण मूळ आरोप डळमळला की दुसरा काहीतरी हाताला लागावा म्हणून ही चाचपणी चालते, आणि ती रस्त्यावर रोज उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ओळखू येते. शेवटी तो सुप्रसिद्ध शांततेचा क्षण आला. साहेबांनी मशीन हातात धरलं, चालू मात्र केलं नाही, आणि लांब कुठंतरी बघत म्हणाले, "मशीनवर केलं की पाचशे लागतात. बघा काय ते."

मी म्हटलं, "मशीनवरच करा."

त्यांचा चेहरा खरोखर पडला. त्या माणसावर माझा फारसा राग नाही, हे इथंच सांगून टाकते. आठ-दहा तास धुरात उभं राहून, वरून 'आज किती केसेस झाल्या' अशी विचारणा झेलणाऱ्या शिपायानं सावली शोधली तर त्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र ती सावली चौकाच्या पलीकडेच का सापडते? हीच तिघं जणं चौकाच्या अलीकडे उभी राहिली असती तर ते मोटारसायकलवाले तिघं थांबले असते, टँकर थांबला असता, आणि माझंही चाक वीतभर मागं राहिलं असतं. गुन्हा झालाच नसता. पण मग केसही झाली नसती.

ई-चलानाचा एसएमएस घरी पोचायच्या आत आला. लिंक उघडली. पुराव्याचा फोटो: माझी स्कूटर, माझा हिरवा स्कार्फ, पुढच्या चाकाखाली काळं कुळकुळीत, नवंकोरं डांबर. पांढऱ्या रंगाचा एक ठिपकासुद्धा नाही. त्या फोटोत झेब्रा दाखवणाऱ्याला मी पाचशेवर आणखी पाचशे द्यायला तयार आहे. फोटो काढला होता तो खिशातल्या साध्या मोबाइलवर. खासगी मोबाइलवर असे फोटो काढू नका, असं राज्यातल्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनीच 2025 साली परिपत्रक काढून बजावलं होतं. केंद्राच्या 2021 च्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक उपकरणानं गुन्हा टिपायचा तर त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथं कॅमेरा आहे असं सांगणारा फलकही आधी लावावा लागतो. आमच्या चौकात फलक आहे, नाही असं नाही. त्यावर एका भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आहेत.

आता कुणीतरी म्हणेलच, की बाई, नियम पाळायचे सोडून कसली कायद्याची कलमं काढताय, रस्त्यावर माणसं मरताहेत. मरताहेत, खरं आहे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातला सर्वांत मोठा वाटा वेगाचा आहे, आणि वेग लाल दिव्याला थांबलेल्या स्कूटरचा नसतो. हेल्मेटचा दंड मला मान्य आहे, तो वाढवला तरी मी टाळ्या वाजवीन. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला खुशाल आत टाका. पण रात्री दोन वाजता हायवेवर उलट्या दिशेनं येणारा ट्रक अडवायला कुणी नसावं आणि सकाळी दहा वाजता माझ्या पुढच्या चाकाचं वीतभर अंतर मोजायला तिघं असावेत, याला रस्ता सुरक्षा म्हणत असाल तर मग टोलनाक्यालाही म्हणा.

आणि कडकपणाचं म्हणाल तर तोही मुहूर्त बघून येतो. केंद्रानं 2019 च्या दुरुस्तीत साध्या नियमभंगाचा दंड शंभरावरून पाचशेवर नेला, दुसऱ्यांदा सापडलात तर पंधराशे. सप्टेंबर 2019 पासून हे देशभर लागू होणार होतं. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, तेव्हा आमच्या सरकारला अचानक जनतेचा कळवळा आला आणि वाढीव दंड थांबला. तो लागू झाला डिसेंबर 2021 मध्ये, सरकार बदलल्यावर. मधली दोनेक वर्षं रस्ता सुरक्षा कुठं रजेवर गेली होती, कोण जाणे.

त्याच दुरुस्तीत आणखी दोन कलमं आली, त्यांची पावती मात्र कुणी फाडलेली मी ऐकली नाही. एक 198अ. रस्ता बांधणारा किंवा त्याची देखभाल करणारा, मग तो ठेकेदार असो की सरकारी यंत्रणा, ठरलेले निकष पाळत नसेल तर तो दंडाला पात्र. किती? जास्तीत जास्त एक लाख. कधी? त्याच्या हलगर्जीपणामुळं कुणी मेलं किंवा अधू झालं तर. म्हणजे झेब्रा न मारणाऱ्याला शिक्षा व्हायची तर आधी त्या जागी एखादी म्हातारी चिरडली जायला हवी. आणि तो एक लाखही तिच्या घरच्यांच्या हातात नव्हे, सरकारी निधीत जमा. झेब्रा न दिसल्याबद्दल माझे पाचशे मात्र जागेवर, कुणालाही खरचटलेलं नसताना. दुसरं कलम 210ब. हा कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. आमच्या चौकीबाहेर फुटपाथवर लावलेल्या, पुढची नंबरप्लेट अर्धी तुटलेल्या मोटारसायकली कुणाच्या आहेत हे मी सांगत बसत नाही. सगळ्यांना माहितीये.

मी रीतसर तक्रार केली. ऑनलाइन, त्यांचाच फोटो जोडून, खाली 'झेब्रा दाखवावा' अशी विनंती लिहून. उत्तर आलं: फोटोमध्ये वाहन झेब्रा क्रॉसिंगवर असल्याचे दिसून येते, सबब चलान योग्य आहे. हे लिहिणाऱ्यानं फोटो उघडून पाहिला नसेल असं मी म्हणणार नाही. कदाचित पाहिला असेल आणि त्यालाही माहितीये असेल.

शेजारचे काका म्हणाले, एवढं कशाला ताणतेस, लोक अदालतीत जा, तिथं कमी करून मिटवतात. काका चुकीचं सांगत नाहीत, हजारो लोक तसंच करतात. पण दंड योग्य असेल तर कमी का करायचा, आणि अयोग्य असेल तर उरलेला तरी मी का भरायचा? मी भरलेला नाही. उलट दहा रुपयांचं तिकीट लावून पालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज टाकलाय: त्या चौकातले पट्टे शेवटचे कधी मारले, डांबरीकरणानंतर पुन्हा मारायचं काम कुणाला दिलं, आणि त्याचं बिल कधी निघालं. पट्टे नाहीत ते तर दिसतंच आहे. बिल मात्र निघालेलं असणार, असा माझा दाट संशय आहे.