विश्लेषण : अपलोडची पट्टी ९९ टक्क्यांवर का अडकते?

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठल्याही सेवा केंद्रात जा. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांची नजर संगणकावरच्या एका पट्टीवर खिळलेली असते. ती पट्टी खरे सांगते का?

पट्टीचे गणित काय?
गेलेला डेटा भागिले एकूण डेटा. १० एमबीपैकी ४ एमबी गेले की ४० टक्के. पाठवण्याचे आणि पट्टी रंगवण्याचे काम प्रोग्रामने एकाच ‘थ्रेड’वर केले, तर खिडकी गोठते. म्हणून पाठवणे मागे वेगळे चालवतात आणि पट्टी ठरावीक अंतराने सरकवतात.

मग अडते कुठे?
अनेक प्रोग्राम आपल्याच संगणकाच्या बफरमध्ये टाकलेला डेटा ‘गेला’ असे धरतात. पट्टी भरते, पण सर्व्हरची तपासणी आणि पोच बाकीच असते. पेनड्राइव्हचेही तेच, कॉपी संपल्याचे दिसले तरी लिहिणे सुरू असू शकते.

काय व्हायला हवे?
टक्केवारी दिसली की माणूस निर्धास्त होतो. संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच तिचे महत्त्व मांडले होते. म्हणूनच खोटी पट्टी जास्त घातक. सरकारी कामाच्या सॉफ्टवेअरने पोच मिळाल्याशिवाय १०० टक्के दाखवू नये. रेंज गेली तर तसे मराठीत सांगावे आणि राहिलेल्या भागापासून पुढे पाठवावे. शेतकऱ्याचा अर्ज बाद झाला, तर पट्टी भरली होती हा पुरावा चालत नाही. तोवर पोचपावतीचा क्रमांक हाती आल्याशिवाय केंद्रातून उठू नका.