कांती आणि 'गुणवत्ता'

भुशी धरणाच्या वाटेवर पावसाळ्यात कणसे भाजणाऱ्या बायका आम्ही अनेकदा पाहिल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यांना आपण 'रापलेले' म्हणतो. त्या शब्दात ऊन, धूर आणि वय तिन्ही येतात. आता त्याच चेहऱ्यांची 'त्वचेची गुणवत्ता' कमी ठरते, आणि ती सुईने वाढवून मिळते.

आमचा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. कांती पाहणाऱ्याला जाणवते. गुणवत्ता मोजता येते, म्हणूनच विकता येते. हायल्युरॉनिक आम्ल त्वचेत पाणी धरून ठेवते, हे खोटे नाही. (१९३४ साली ते प्रथम गुरांच्या डोळ्यातून वेगळे केले गेले.) काही महिन्यांत ते विरघळते, की पुन्हा सुई. ज्याला परवडते त्याने खुशाल टोचून घ्यावी.

पण ग्लुटाथायोनचे काय? त्वचा उजळण्यासाठी या इंजेक्शनला भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता नाही, तरी ते सर्रास दिले जाते. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'तले 'फेअर' २०२० मध्ये गळून तिथे 'ग्लो' आला. मागणी मात्र गोरेपणाचीच राहिली.

'निवड ज्याची त्याची' हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. स्थळांच्या जाहिरातींत 'गोरी, नाकीडोळी नीटस' हे आपणच छापत आलो. सावळा विठोबा चालतो, सून चालत नाही! आणि आमच्या कथा-कादंबऱ्यांतल्या गोऱ्यापान नायिका? त्या शिकवताना हा प्रश्न आम्ही वर्गात एकदाही विचारलेला नाही.