रूळ राखणारे हात : पाचोरा-जामनेरची ‘पीजे’ आणि वारशाची विस्मृत बाजू

१/ खानदेशात जवळजवळ सारख्याच लांबीचे दोन शाखामार्ग आहेत. चाळीसगाव-धुळे हा १९०० साली खुला झालेला ब्रॉडगेज मार्ग, आणि पाचोरा-जामनेर हा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास उभा राहिलेला अडीच फुटी नॅरोगेज मार्ग. दोन्ही साधारण ५६ किलोमीटरांचे. पहिल्यावर आज विजेवरची मेमू धावते. दुसऱ्यावरची गाडी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही.

२/ ‘पीजे’ या दोन अक्षरांनी ओळखली जाणारी ही गाडी वरखेडी, पिंपळगाव हरेश्वर, शेंदुर्णी, पहूर अशी गावे जोडत जामनेरला पोहोचे. तिच्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात इंजिन आहे, डबे आहेत, आठवडी बाजाराला निघालेले प्रवासी आहेत. रूळ मात्र क्वचितच आहेत. वारसा म्हटला की आपल्याकडे जे हलते तेच डोळ्यांत भरते. ज्यावरून ते हलते, त्याची दखल अपघात झाल्यावर घेतली जाते.

३/ खानदेशात हा लोहमार्ग शंभर वर्षे टिकला कसा? या प्रश्नाचे उत्तर मातीत आणि उन्हात आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती कापसाला जितकी मानवते, तितकीच रुळांना छळते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात पाणी पिऊन फुगते. गाडीचे वजन स्लीपरवर आले की खालचा ओला चिखल खडीच्या फटींतून वर उसळतो. खडी चिखलाने भरली की पाण्याचा निचरा थांबतो आणि स्लीपर खचतो. मग ती खडी उकरायची, चाळायची आणि पुन्हा स्लीपरखाली ठोकून बसवायची. हे काम एकदा करून संपत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर ते नव्याने दारात उभे राहते.

४/ उन्हाचा हिशेब तर कागदावरही मांडता येतो. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उघड्यावरचे पोलाद हवेपेक्षाही तापते. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांत रुळाच्या तापमानाचा फरक ५० अंश धरला, तर १२ मीटरचा रूळ सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. किलोमीटरमागे ही वाढ अर्ध्या मीटरहून अधिक भरते. ती सामावून घेण्यासाठी दोन रुळांच्या सांध्यात फट ठेवलेली असते. फिशप्लेट गंजून आवळल्या गेल्या की रूळ सरकत नाही; तो आडवा वाकतो. म्हणून सांधे उघडून वंगण देण्याचे काम थंडीच्या दिवसांत उरकले जाते.

५/ हे सारे करणारी माणसे म्हणजे मुकादम, कीमन आणि गँगमन. आज त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. हातोडा, पाना आणि लाल-हिरवे झेंडे घेऊन कीमन आपल्या वाट्याचा मार्ग रोज पायी तपासतो. कोणता बोल्ट सैल झाला, कोणत्या स्लीपरचा खिळा वर आला, कोणत्या मोरीजवळचा भराव खचू लागला, हे त्याला चालता चालता कळते. कुठे खडी जास्त लागते आणि कुठे पहिल्याच पावसात चिखल वर येतो, याचे ज्ञान पुस्तकात नसते. ते जुन्या मुकादमाकडून नव्या गड्याकडे जाते.

६/ विदर्भातील ‘शकुंतला’ची कथाही अशीच एकांगी सांगितली जाते. तिच्या मालकीचा मुद्दा प्रत्येकाला पाठ असतो. तिच्या रुळांची देखभाल कोणी आणि कशी केली, याची चौकशी कोणी करत नाही.

७/ माथेरानने हा धडा महाग किंमत देऊन घेतला. १९०७ चा तो दोन फुटी मार्ग जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने तो परत उखडला. नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्येच धावू शकली. दोन्ही वेळा इंजिने शाबूत होती. नव्हता तो मार्ग.

८/ वेल्समधील वेल्शपूल-लानफेअर हा लोहमार्ग पीजेसारखाच अडीच फुटी आहे. तो १९५६ मध्ये बंद पडला आणि स्वयंसेवकांच्या बळावर १९६३ मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा मार्गांवर हौशी मंडळी सुटीच्या दिवशी इंजिनावर जेवढी राबतात, तेवढीच झुडपे तोडण्यात आणि कुजलेले स्लीपर बदलण्यातही राबतात. ‘पीजे वाचवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी या दुसऱ्या कामाची तयारी आहे का, हे स्वतःस विचारावे.

९/ पीजेचे रुंदीकरण करून मार्ग जामनेरच्या पुढे बोदवडच्या दिशेने नेण्याची योजना आहे. तिला वारशाच्या नावाखाली विरोध करणे अन्यायाचे ठरेल. जामनेर-शेंदुर्णीच्या शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला मुख्य मार्गाशी थेट जोडणारी गाडी हवी आहे. मोडकळीला आलेल्या लोहमार्गाचे सौंदर्य त्याच्या माथी मारण्याचा अधिकार शहरातल्या रेल्वेप्रेमींना नाही.

१०/ पण रुंदीकरण म्हणजे विस्मरण नव्हे. पाचोऱ्यात किंवा पहूरजवळ एक-दोन किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग जपता येईल. पहूर तर जळगाव-अजिंठा रस्त्यावरच आहे. लेणी पाहायला जाणारा प्रवासी तिथूनच जातो. अट एकच : त्या तुकड्याला स्वतःची गँग हवी. रंगवलेले इंजिन चौथऱ्यावर बसवून दोन बाजूंना चार मीटर रूळ टाकणे हे संवर्धन नाही, ती सजावट आहे. देशभरातील स्थानकांबाहेर अशा सजावटीची वाण नाही.

११/ दुसरे काम त्याहून तातडीचे आणि बिनखर्चाचे आहे. रुळाच्या मधल्या पट्टीवर कारखान्याचे नाव, वजन आणि घडणीचे वर्ष उठावाच्या अक्षरांत असते. म्हणजे जुना रूळ हा एक शिलालेखच. भंगाराच्या भट्टीत गेला की तो कायमचा वितळतो. प्रत्येक मोरी, प्रत्येक मैलाचा दगड, प्रत्येक सांधा यांची छायाचित्रे आणि नोंदी करायला इतिहासाची पदवी लागत नाही. कॅमेरा असलेला फोन आणि रेल्वेची रीतसर परवानगी पुरते.

१२/ नोंदींचा सर्वांत नाशवंत भाग मात्र पोलादाचा नाही. पीजेवर उमेदीची वर्षे घालवलेले निवृत्त गँगमन याच पट्ट्यातील गावांत भेटू शकतील. रूळ सरकवताना सूर धरून दिलेल्या हाका, काळ्या मातीतल्या खचणाऱ्या जागा, पावसाळी रात्रीची कंदिलाची गस्त, हे सारे त्यांच्याच तोंडून टिपता येईल. पाचोरा, शेंदुर्णी, जामनेर येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना एवढा प्रकल्प हाती घेण्यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. येत्या दिवाळीच्या सुटीत तो सुरू होऊ शकतो.