चित्रप्रदर्शनात काय पाहावे?

चित्रकलेची आवड असणाऱ्या मुलाला घरी एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते, ‘चित्रे काढून पोट भरत नाही.’ हे वाक्य काळजीपोटी उच्चारलेले असते आणि ती काळजी अगदीच निराधार नव्हे. मात्र तिचे उत्तर घरात वाद घालून मिळणार नाही. त्यासाठी चित्रे जेथे मांडली आणि विकली जातात, तेथेच जावयास हवे.

मुंबईत काळा घोडा परिसर हे असे ठिकाण होय. तेथील जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले; १९९९ पासून त्याच परिसरात कलामहोत्सवही भरू लागला. मुले पुष्कळदा चित्रांवरून भराभर नजर फिरवितात आणि ‘सुंदर!’ म्हणून बाहेर पडतात. ज्याला पुढे चित्रकार व्हावयाचे आहे, त्याने एवढ्यावर समाधान मानू नये. चित्राइतकेच लक्ष त्याने चित्राशेजारच्या पाटीकडेही द्यावे. तीवर माध्यम, आकार आणि कित्येकदा किंमत लिहिलेली असते. चित्र विकले गेले की तेथे लाल टिकली चिकटवितात. एका भिंतीवर चार टिकल्या आणि समोरच्या भिंतीवर एकही नाही, असे का? कारण नेहमी सौंदर्याचेच असते असे नाही. लहान चित्र बेताच्या घरातही मावते, मोठे मावत नाही!

खर्चाची बाजू तर सहसा कोणाला दिसतच नाही. जहांगीर कलादालनात जागा मिळण्यासाठी आधी अर्ज करावा लागतो; निवड झाली तरी पाळी येण्यास वर्षे लागू शकतात. आठवडाभराच्या त्या जागेचे भाडे चित्रकारच भरतो. चौकटी, वाहतूक, निमंत्रणपत्रिका हे निराळेच. खाजगी दालने बहुधा विक्रीतून वाटा घेतात. तो कधी निम्म्यापर्यंतही जातो. म्हणून पाटीवरील आकडा पाहून चित्रकाराला श्रीमंत समजणे हा भ्रम होय. गर्दी ओसरल्यावर त्यालाच हे सारे नम्रपणे विचारावे. दिवसभर दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला असा श्रोता नकोसा होत नाही.

महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० मध्ये कोल्हापूरहून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. प्रदर्शनांत त्यांनी पारितोषिके मिळविली, पण संसार केवळ त्यांवर सोडला नाही. त्याच शाळेत त्यांनी अध्यापन केले, पुस्तकांसाठी चित्रे काढली, पोस्टकार्डेही रंगविली. त्यांमुळे त्यांच्या कलेला उणेपणा आला नाही.

दालनाबाहेरील पदपथावर व्यक्तिचित्रे काढून देणारे चित्रकार बसतात. त्यांचे काम हलके मानण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. समोरचा माणूस चुळबुळत असतो, पाठीशी बघ्यांचा घोळका असतो आणि थोडक्या वेळात चेहरा हुबेहूब उतरवावयाचा असतो. शिकू इच्छिणाऱ्याने तेथे थोडा वेळ उभे राहावे. कोऱ्या कागदावर पेन्सिल प्रथम कोठे टेकते, कपाळाशी, डोळ्यांशी की हनुवटीशी, हे पाहण्यासारखे असते.