मास्तरांचा संप आणि रयतेचीं पोरें

मास्तर संपावर गेले म्हणजे नुकसान कोणाचें होतें? सरकारचें? मुळींच नाहीं, खजिन्याला त्याची झळ लागत नाहीं. शहरांतल्या साहेबांचें? त्यांचीं मुलें आमच्या शाळेंत आहेतच कोठें? नुकसान होतें तें कुणब्याच्या, कुंभाराच्या, सुताराच्या, धनगराच्या आणि मजुराच्या पोराचें. हें आम्ही स्वतः मास्तर असून आणि स्वतः संपांत बसलेले असून लिहीत आहों. आमच्या धंद्यांतील मित्रांना कडू लागेल, लागो.

१४ मार्च २०२३ रोजीं राज्यांतील सरकारी नोकर व शिक्षक जुन्या पेन्शनसाठीं संपावर गेले आणि २० मार्चला संप मिटला. मागणी खोटी नव्हती. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं लागलेल्या मास्तराला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. त्या तारखेनंतर लागलेल्याचे मात्र दरमहा शेंकडा दहा कापावयाचे, सरकारनें आपला वांटा घालावयाचा, ती रक्कम बाजारांत लावावयाची, आणि बाजार देईल तें म्हातारपणीं मुकाट्यानें घ्यावयाचें! आम्ही या दुसऱ्या पंक्तींतले. पहिलीं तीन वर्षें ‘शिक्षण सेवक’ या गोंडस नांवाखालीं महिना तीन हजारांवर राबलों. तेव्हां मास्तराच्या पोटाची चिंता आम्हांला कळत नाहीं असें कोणीं समजूं नये.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत ट्रेनिंग झालेल्या मास्तरास निदान बारा रुपये पगार असावा अशी मागणी होती. मास्तराचें पोट भरल्याशिवाय रयतेचें पोर शिकत नाहीं हें आमच्या चळवळीस पहिल्यापासून ठाऊक आहे. पण त्याच निवेदनांत दुसरीही गोष्ट होती. मास्तर शेतकरी वर्गांतला असावा, वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस धरण्यास न लाजणारा असावा, रयतेंत मिसळून तिची गरज ओळखणारा असावा. बारा रुपये आम्हां सर्वांना पाठ आहेत. रुमणें आम्ही विसरलों.

त्या मार्चच्या आठवड्यांत काय झालें तें तुम्हांस सांगावयास नको. अवकाळी पाऊस व गारा आल्या. काढणीचा गहूं आडवा झाला, हरभरा भिजला, आणि पंचनामा करावयास तलाठी नाहीं, ग्रामसेवक नाहीं, कारण तेही संपावर. शाळेला कुलूप. शाळेची चूल थंड, म्हणून दुपारची खिचडीही बंद. आईबाप भिजलेल्या पेंढ्या उलट्यासुलट्या करीत होते आणि पोरें धाकट्या भावंडांना घेऊन बांधावर बसलीं होतीं. आमच्या चौथींतील एका मुलीला भागाकार नुकताच उमगूं लागला होता. ती मावशीबरोबर कांदे काढावयास गेली, ती संप मिटल्यावरही कित्येक दिवस शाळेंत आली नाहीं, आणि आली तेव्हां हातचे किती हेंही विसरून आली. वर्गांतून उठलेलें पोर घंटा वाजतांच परत येऊन बसतें, हा शहरी समज आहे. खेड्यांत एकदां हाताला काम लागलें कीं तो हात पाटीकडे लवकर वळत नाहीं.

आणि त्याच आठवड्यांत नाशिक जिल्ह्यांतले शेतकरी व आदिवासी कांद्याच्या भावासाठीं, वनजमिनीसाठीं दिंडोरीहून पायीं मुंबईकडे निघाले होते. त्यांच्या मागण्यांत एक मागणी अशीही होती कीं, २००५ नंतर लागलेल्या सरकारी नोकरांना जुनी पेन्शन द्यावी. वाचकहो, पायाला फोड आलेल्या माणसांनीं मास्तराच्या म्हातारपणाची आठवण ठेवली! आमच्या यादींत कांद्याचें नांव कोठें होतें? आम्ही तालुक्याच्या कचेरीपुढें मांडव घालून घसा फोडीत होतों. शिवारांत आडव्या पडलेल्या गव्हाविषयीं आमच्या मांडवांत एक अक्षर कोणीं काढलें नाहीं. आम्हींही काढलें नाहीं.

आतां जे शहाणे लोक संप सुरू होतांच गरीब मुलांच्या नांवानें डोळ्यांस पदर लावतात, त्यांनाही दोन शब्द. जूनपासून मार्चपर्यंत चार इयत्ता एकाच मास्तराच्या गळ्यांत असतात, तेव्हां हा कळवळा कोठें झोपलेला असतो? निवडणुकीला आणि जनगणनेला मास्तर काढून नेण्याची सोय तर २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांतच करून ठेविली आहे. त्या दिवसांत मुलांचें नुकसान होत नाहीं काय? ५ सप्टेंबर २०२४ रोजीं, नेमक्या शिक्षकदिनीं, सरकारनें हुकूम काढला कीं वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेंत दोहोंपैकीं एक जागा महिना पंधरा हजारांच्या कंत्राटी माणसाकडून भरावी. ओरड झाल्यावर ती मर्यादा दहांवर आणली. असल्या पटाच्या शाळा कोणाच्या? वाडीच्या, पाड्याच्या, तांड्याच्या. तेथलीं पोरें तीं गरीब नव्हेत काय?

परंतु हा वीसचा आंकडा आम्हांला दुसऱ्याच कारणानें झोंबला. २०२३ च्या मार्चमध्यें आमच्या शाळेचा पट तेवीस होता. जूनमध्यें तो एकोणीस झाला. चार पोरें तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत गेलीं. त्यांतल्या सुताराच्या दारीं आम्ही गेलों. तो पटाशीला धार लावीत होता. म्हणाला, “बसा गुरुजी. घातलं पोराला तिकडं. महिन्याला व्हॅनचे आन् फीचे मिळून दीड हजार जात्यात, कारभारणीनं बचत गटाचं कर्ज उचललं. पण गारा पडल्या तवाबी ती व्हॅन आली. आन् गुरुजी, रागावू नका, तुमचं पोरगं त्याच व्हॅनीत बसतं. संपात त्याचा एक तरी दिवस बुडाला का?”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चहा घेतला व उठलों.

सरकारी पगार घेणाऱ्यांनीं आपलीं मुलें सरकारी प्राथमिक शाळेंतच घालावीं असा निकाल अलाहाबादच्या हायकोर्टानें ऑगस्ट २०१५ मध्यें दिला होता. तो कागदावरच राहिला. तसा हुकूम येथें झाला असता तर शाळेला एकच मास्तर हें दुखणें सात दिवसांच्या संपाची वाट न पाहतां कलेक्टरच्या जेवणघरांत पोंचलें असतें. शाळा बंद पडल्यानें ज्यांचें कांहीं बिघडत नाहीं असे लोक शाळेविषयीं ठरवितात, आणि त्यांच्याच मुलांबरोबर आम्ही मास्तरांनीं आपलीं मुलें बसविलीं आहेत. मग आमच्या संपाची झळ साहेबाला लागावी कशी? ती सुतारालाच लागते.

संप करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला हत्यार टाकण्याचा हक्क नाहीं तो वेठबिगार. पण संपाची नोटीस सरकारला जाण्यापूर्वीं ती गांवच्या चावडींत वाचून दाखवावी. तींत आपल्या पेन्शनशेजारीं रिकाम्या जागेचें, गळक्या छपराचें, पंचनाम्याचें कलम असावें. त्या दिवसांत खिचडीची चूल विझूं देऊं नये, आणि बुडालेले दिवस कोणी न सांगतां सुटींत भरून द्यावे. २५ सप्टेंबर २०२४ ला कंत्राटी हुकुमाविरुद्ध मास्तरांनीं सामुदायिक रजा टाकली. तो प्रश्न तर निव्वळ गांवाचा होता. तरी आम्ही आईबापांना न विचारतांच गेलों, आणि लोक म्हणाले, “गुरुजींचा पगार वाढायचा असेल!”

म्हणून गेल्या रविवारीं आम्हीं चावडींत आईबापांना बोलाविलें. पंचवीसएक माणसें आलीं, त्यांत बायका अधिक. तो हुकूम वाचून त्याचा अर्थ सांगितला, आमच्या पेन्शनचा हिशेबही फळ्यावर मांडला. सुतारही आला होता, जरी त्याचें पोर आतां आमच्या पटावर नाहीं. सगळें ऐकून घेतल्यावर त्यानें एवढेंच विचारलें, “गुरुजी, तुमचं पोरगं कधी येतंय?”

येत्या जूनमध्यें, असें आम्हीं चारचौघांत कबूल केलें आहे. घरीं अजून सांगितलेलें नाहीं.