सहलीत तापमापक हवा

कुंभिवलीसारख्या खालापूर तालुक्यातील गावाहून शाळेची सहल पालीला गेली, की बल्लाळेश्वराच्या दर्शनानंतर मुलांना ओढ लागते ती उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांची. पाणी किती गरम होते, असे नंतर विचारले तर उत्तर मिळते, "अगदी उकळते!" विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर शोभत नाही. तिबेटात यांगबाजिंग येथेही असे झरे आहेत. ते ठिकाण सुमारे ४,३०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हवेचा दाब कमी असतो व पाणी सुमारे ८६ अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणजे 'उकळते' हे माप नव्हे.

उन्हेऱ्याखाली ज्वालामुखी धुमसत नाही. सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तेथे तापते व पुन्हा वर येते. खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. वर येताना त्यात थंड भूजल मिसळते काय? पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात, वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींवरून याचा अंदाज बांधता येईल.

म्हणून शिक्षकांनी सहलीच्या सामानात प्रयोगशाळेतील तापमापक ठेवावा. ताप पाहण्याचा नको; तो ४२ अंशांपर्यंतच मोजतो. आधी नोंद, मग स्नान. आणि साबण घरीच राहू द्या!